घरी सगळं बरं ना?

आबाचं वय अडतीस. फुटबॉलमध्ये अडतीस म्हणजे पिकलं पान, म्हणून अख्खा संघ त्याला आबा म्हणायचा आणि तोही निमूट ओ द्यायचा. गोलकीपरचं बरं असतं, पळावं लागत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पेनल्टीला उभं राहून बघावं. अकरा मीटरवर बॉल, बॉलमागे एक माणूस, आणि आपल्या पाठीशी चोवीस फुटांचं दार सताड उघडं. नियमांचं पुस्तक तर सगळं मारणाऱ्याच्याच बाजूचं. कीपरनं पाय रेषेवर ठेवायचा, खांबाला हात लावायचा नाही, जाळी हलवायची नाही, नाचायचं नाही, वेळ खायचा नाही. "श्वास घ्यायला परवानगी आहे," आबा म्हणायचा, "पुढच्या वर्षीचं माहीत नाही."

पण पुस्तकं माणसंच लिहितात, त्यामुळे कुठे ना कुठे फट राहते. आबाला ती बाविसाव्या वर्षी सापडली. त्या वर्षी त्यानं पेनल्टी मारणाऱ्याला आईवरून शिवी हासडली आणि लाल कार्ड घेऊन तीन सामने घरी बसला. तेव्हाचे कोच म्हातारे होते, दात कोरत बोलायचे. ते म्हणाले, "गाढवा, शिवी दिलीस तर कार्ड. आस्थेनं विचारपूस केलीस तर कोण काय वाकडं करणार आहे?"

आबानं ते मनावर घेतलं. पेनल्टी मिळाली की तो स्वतः बॉल उचलायचा, चालत जायचा, मारणाऱ्याच्या हातात दोन्ही हातांनी द्यायचा आणि हलक्या आवाजात विचारायचा, "घरी सगळं बरं ना?"

बस, एवढंच. आता यावर रेफरी रिपोर्टमध्ये काय लिहिणार? कीपरनं कुटुंबाची चौकशी केली? एक रेफरी तर चुकून बोलून गेला होता, "हो, बरं आहे, तू रेषेवर जा." पण मारणारा हलायचा. माणूस कितीही मोठा खेळाडू असो, घर म्हटलं की थबकतोच. हा का विचारतोय? याला काही माहीत आहे का? दोन सेकंद मन तिकडे गेलं की पाय वाकडा पडायचा. पंधरा-सोळा वर्षांत निम्म्याहून जास्त पेनल्ट्या आबानं अशा वाया घालवल्या. लोक त्याला हुशारी म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर ती हुशारीच होती, सहा वर्षांपूर्वीपर्यंत.

सहा वर्षांपूर्वी समोरच्या संघाचा एक लंबू पेनल्टी मारायला आला. आबानं बॉल दिला, प्रश्न विचारला. लंबूनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि बॉल खांबाबाहेर मारला. सामना संपला, आबा बुटांच्या नाड्या सोडत बसला होता, तेवढ्यात लंबू ड्रेसिंग रूमच्या दारात येऊन उभा राहिला. एका पायात बूट, दुसरा पाय नुसत्या मोज्यात, हातात फोन.

"तुम्हाला कसं कळलं?" त्यानं विचारलं.

"काय कळलं?"

"माझे वडील जिन्यावरून पडले. चार वाजून दहा मिनिटांनी. मी पेनल्टी मारत होतो तेव्हा. तुम्ही विचारलंत ना मला? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

आबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पाणी दिलं. मनात म्हणाला, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. जग मोठं आहे, रोज कुणी ना कुणी जिन्यावरून पडतंच.

चार महिन्यांनी एका डावखुऱ्याची बायको ओट्याशी उभी असताना कोसळली. पुढच्या वर्षी एका नव्या पोराच्या आजीची वाचा गेली, बोलता बोलता, वाक्य अर्धं राहिलं. तिन्ही वेळा वेळ तीच होती, आबानं विचारल्याची. फांदी तिसऱ्यांदा मोडली तेव्हा कावळ्याला झोप येईनाशी झाली.

मग तो आठवत बसला. ज्यांनी गोल मारले होते त्यांच्या घरी काय झालं? आडून आडून चौकशी केली. काही नाही, सगळे ठणठणीत. आणि त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी निघाली. त्यांनी उत्तर दिलं होतं. एक बडबड्या तर हसून म्हणाला होता, "मजेत आबा, तुमच्याकडे?" आणि त्यानं बॉल वरच्या कोपऱ्यात घातला होता. उत्तर दिलं की गोल व्हायचा आणि घर सुटायचं. गप्प राहिला की बॉल चुकायचा आणि घरी कुणीतरी पडायचं. प्रश्न जणू उत्तर घेतल्याशिवाय परत यायला तयार नव्हता. मैदानात मिळालं नाही तर तो त्यांच्या घरी जाऊन घ्यायचा.

आबानं विचारणं बंद केलं. चार पेनल्ट्या आल्या, चारही गोल झाले. मॅनेजरनं बोलावून घेतलं. "आबा, उंच उड्या मारायला आमच्याकडे विशीतली पोरं आहेत. तुला ठेवलंय ते कशासाठी?" पुढच्या पेनल्टीला आबानं पुन्हा विचारलं. यावर त्याचा राग यायला हवा, आणि मला येतो. कुणाचं तरी घर आणि आपली नोकरी यांत त्यानं नोकरी धरली, आणि वर मनाला बजावलं की असं काही नसतंच. त्यानंतर आणखी दोघे गप्प राहिले. त्यांच्या घरी काय झालं याची चौकशी आबानं केली नाही.

त्याला स्वतःला घर म्हणजे आई. लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आई दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. खाली शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, त्यांच्याकडे दुसरी किल्ली असायची. आईला कमी ऐकू यायचं, म्हणून ती ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली होती. सामन्याच्या दिवशी टीव्हीपुढे खुर्ची ओढून, फोन मांडीवर घेऊन बसायची. आबाचा चेहरा पडद्यावर मोठा दिसला की त्याचं बोलणं तिला कळायचं.

"मैदानात उभा राहून असलं काय विचारतोस रे मेल्या?" ती फोनवर ओरडायची. "वास्तू तथास्तु म्हणत असते. ते तीन खांबांचं का असेना, घरच ना ते तुझं? काळ्या जिभेचा कुठला!"

"बरं, नाही विचारत."

"तू मोठा बोलतोयस की धाकटा?"

हा तिचा नेहमीचा प्रश्न. कारण आबाला अकरा वर्षांनी लहान भाऊ होता, आणि दोघांचा आवाज इतका सारखा की फोनच्या यंत्रातून तिला फरक कळत नसे. धाकटाही फुटबॉलच खेळायचा, दुसऱ्या गावच्या क्लबात, पुढच्या फळीत. त्याला आबानंच घडवलं होतं. गच्चीवर, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली, आबा कीपर आणि धाकटा मारणारा. पहिला धडा आबानंच दिला होता. "गोली काहीही बोलला तरी तोंड उघडायचं नाही. बॉलकडे बघायचं. उत्तर दिलंस की संपलास."

आणि त्या वर्षी शेवटचा सामना या दोघांच्या क्लबांमध्ये आला. आबाचा क्लब तळाला होता. जिंकले तर वरच्या गटात राहणार, नाहीतर खाली जाणार. खाली गेले तर अडतीस वर्षांच्या कीपरला कोण ठेवणार? मॅनेजरनं ते स्पष्टच सांगितलं होतं. धाकट्याच्या क्लबला हरलं काय, जिंकलं काय, काही फरक पडत नव्हता. पण त्यांच्या पेनल्ट्या धाकटा मारायचा.

आबानं ठरवलं की आज काही झालं तरी विचारायचं नाही. धाकट्याचं घर म्हणजे आपलंच घर. तरीही धास्ती जाईना. मैदानात जायच्या बोगद्यात दोन्ही संघ रांगेत उभे असताना त्यानं धाकट्याचा दंड धरला.

"ऐक. मी तुला आज काही विचारलं तर उत्तर दे. 'बरं आहे' म्हण. तेवढंच."

धाकटा हसला. "दादा, मलाच खेळवतोस?"

"आईची शपथ, खेळवत नाही."

"उत्तर दिलंस की संपलास, हे कुणी शिकवलं मला?" त्यानं आबाच्या गालावर थोपटलं. "जित्याची खोड!"

रांग हलली. पुढे काही बोलता आलं नाही. आयुष्यभर ज्यानं प्रत्येक शब्दाचा डावपेच केला, त्याचं एकच खरं वाक्य सख्ख्या भावालाही डावपेचच वाटलं.

सामना दुपारचा होता. आकाश राखाडी, वारा नावाला नाही. विसाव्या मिनिटाला आबाच्या संघानं गोल केला आणि मग सगळे मिळून तो गोल राखत बसले. साठाव्या मिनिटाला बॉल ठेवायला वेळ लावला म्हणून आबाला पिवळं कार्ड मिळालं. रेफरी नवा होता, बारीक मिशीचा, कडक. त्यानं आबाचं नाव ऐकलेलं होतं.

"तुमच्या गप्पा मला माहीत आहेत," तो म्हणाला. "आता तोंडातून एक शब्द जरी निघाला तरी दुसरं पिवळं. विचारपूस सुद्धा नाही. कळलं?"

आबानं मान हलवली. त्याला उलट बरंच वाटलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ती फट बुजवली होती.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आबाच्या पुढ्यात बचावाला खेळणाऱ्या स्टॉपरनं पेनल्टीच्या चौकटीत एकाला आडवा केला. शिट्टी वाजली. दहा हजार माणसं एकदम गप्प झाली. आबानं बॉल उचलला. पाय आपोआप चालू लागले, सोळा वर्षांची वाट होती ती. धाकटा ठिपक्यापाशी मान खाली घालून उभा होता. आबानं दोन्ही हातांनी बॉल पुढे केला आणि दात दातांवर घट्ट दाबून धरले.

मागे जाळी हलल्याचा आवाज आला. आबानं वळून बघितलं. जाळीपाशी कुणी नव्हतं आणि वारा तर नव्हताच. पण ती आत ओढली गेली आणि सैल झाली. आत कुणी श्वास घेतल्यासारखी.

तो पुन्हा भावाकडे वळला, आणि तेव्हाच, अगदी जवळून, हलक्या आणि आस्थेच्या स्वरात त्याला ऐकू आलं, "घरी सगळं बरं ना?"

आवाज घरचाच होता. धाकट्यानं मान खाली घातली होती, ओठ दिसत नव्हते. गुरूची विद्या गुरूलाच! कार्ट्यानं डाव उलटवला होता, आणि आपण काय विचारून बसलोय याची त्याला कल्पनाही नव्हती.

दोन पावलांवर रेफरी उभा होता, हात खिशाशी. बोललो तर लाल. संघाचे सगळे बदली खेळाडू वापरून झालेले, गोलात कुणालातरी नुसतंच उभं करावं लागेल. पेनल्टीवर गोल होईल, क्लब खाली जाईल, आणि आबाची नोकरी संपेल. गप्प राहिलो तर? दुसऱ्या मजल्यावर, टीव्हीपुढे, खुर्चीत आई बसली होती. तिचा फोन मांडीवर होता.

या वेळी आबानं नोकरी धरली नाही. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

"हो," तो मोठ्यानं म्हणाला. दहा हजारांच्या शांततेत ते खणखणीत ऐकू गेलं. "बरं आहे. सगळं बरं आहे."

रेफरीनं आधी पिवळं दाखवलं, मग लाल. आबा हसत होता. स्टॉपरनं शिव्या घालत त्याचे हातमोजे ओढून घेतले. मॅनेजरनं पाण्याची बाटली आपटली. आबानं कुणाकडे बघितलं नाही. भावाच्या खांद्यावर एकदा थोपटलं आणि तो बोगद्याकडे चालू लागला. सोळा वर्षांचं ओझं उतरल्यासारखा तो चालत होता. त्याला खरोखर आनंद झाला होता.

ड्रेसिंग रूम रिकामी होती. मलमाचा वास, ओल्या फरश्या, खुंट्यांवर सगळ्यांचे रोजचे कपडे. तो बाकावर बसला आणि वर काय होतंय याकडे कान लावले. सामना त्यांच्याच मैदानावर होता. गोल झाला की वर सुतकी शांतता पसरणार, हे ठरलेलं.

वरून गर्जना आली. छताचा धुरळा खाली पडला. माणसं नाचत होती, बाकांवर पाय आपटत होती.

म्हणजे चुकला.

आबाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. धाकटा पेनल्टी चुकत नसे. त्यातून समोर उसने हातमोजे घातलेला स्टॉपर. आणि आज त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं. मग तो चुकला कसा? गप्प राहणारेच चुकतात. पण गप्प राहायला आधी प्रश्न लागतो.

तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला. तेवढ्यात सामना संपल्याची शिट्टी झाली. क्लब वाचला. पोरं आरडाओरडा करत आत आली, त्याला उचलू लागली. "आबा, तुझं लाल कार्ड फळलं! काय डोकं आहे!" त्यांना तोही डावपेच वाटला होता. आबा त्यांना ढकलत दाराकडे गेला. दारात धाकटा उभा होता, चिखलानं भरलेला, रागावलेला.

"खुश?" तो म्हणाला.

"तू मला का विचारलंस?" आबानं त्याची बाही धरली. "तिथे, ठिपक्यावर. का विचारलंस?"

"मी?" धाकट्याचा राग एकदम उतरला. त्यानं भावाकडे नीट बघितलं. "दादा, मी तोंडच उघडलं नाही. तूच विचारलंस. घरी सगळं बरं ना, म्हणून. मी बॉलकडे बघत राहिलो. मग तूच उत्तर दिलंस, स्वतःशीच. रेफरीला विचार."

"मी दात दाबून धरले होते."

"तूच होतास. तुझाच आवाज होता."

आबाला जाळीचा तो आवाज आठवला. प्रश्न आपल्या तोंडातून निघाला की पाठीमागून आला हे आता त्याला सांगता येईना. जीभ त्याला परकी वाटू लागली. पण उत्तर तर दिलं होतं! त्यानं स्वतः दिलं होतं, मोठ्यानं, दहा हजार साक्षीदारांसमोर. विचारणाऱ्यानंच उत्तर दिलं तर चालतं की नाही? हा नियम कुठे लिहिला होता? आयुष्यभर नियमांच्या फटी शोधणाऱ्या माणसाला आता एक नियम पक्का लिहिलेला हवा होता, आणि तो कुठेच नव्हता.

"फोन," तो म्हणाला. "माझा फोन दे."

धाकट्यानंच नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. सामना संपला की आई दुसरी घंटाही पुरी वाजू देत नसे. दोन घंटा झाल्या. पाच झाल्या. पाठीमागे पोरं गाणी म्हणत होती, बादल्या बडवत होती. नवव्या घंटेला कुणीतरी फोन उचलला.

"आई?"

"मी खालची शिवणवाली बोलतेय." बाईंना धाप लागली होती. पाठीमागे टीव्ही मोठ्यानं चालू होता, आणि त्यातून याच मैदानातला गोंगाट ऐकू येत होता. "मोठे बोलताय की धाकटे?"

"मोठा."

बाईंनी आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाल्या, "तुम्ही आधी खाली बसून घ्या बरं."

आबा भिंतीला टेकत टेकत ओल्या फरशीवर बसला. फोन कानाशी तसाच होता. बाई बोलत होत्या, तो ऐकत होता. धाकटा त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं भावाचा चेहरा बघितला, त्याचा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात, अगदी आस्थेनं विचारलं, "दादा, घरी सगळं बरं ना?"

आबानं तोंड उघडलं. उत्तर आलं नाही.